आधी पाऊल, मग हौसला

उर्दू शाळांच्या शिक्षक-कक्षात काही वाक्ये वर्षानुवर्षे मुक्कामाला असतात. त्यांपैकी एक असे : "पोरगा हुशार आहे हो, पण त्याला आवडच नाही." घरी आई हेच वेगळ्या शब्दांत सांगते, "सर, इसका जी नहीं लगता." मुलगा मान खाली घालून म्हणतो, "मन होत नाही." तिघांचे निदान एकच असते. आधी मनात काही तरी पेटले पाहिजे, मग हात कामाला लागतील. पेटत नाही म्हणून हात थांबले आहेत. या निदानावर उपायही ठरलेला आहे. गुणगौरव समारंभ भरवायचा, बाहेरगावाहून वक्ता बोलवायचा, त्याने मोठ्या माणसांची नावे घेत तासभर जोशात बोलायचे, मुलांनी टाळ्या वाजवायच्या. सभागृहातून बाहेर पडताना प्रत्येक मुलगा डॉक्टर किंवा कलेक्टर झालेला असतो. दुसऱ्या दिवशी गणिताचे पुस्तक उघडण्याची वेळ येते आणि मन पुन्हा होत नाही.

ही गोष्ट फक्त मुलांची नाही. आपण मोठी माणसे तरी काय वेगळे करतो? कोणाला बारा वर्षांपासून संगणक शिकायचा आहे, कोणाला घराण्याचा इतिहास लिहून काढायचा आहे, कोणाला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. विचारले की आपण म्हणतो, "इन्शाअल्ला, करू." हा शब्द मुळात माणसाच्या नम्रतेचा. आपण ठरवतो, पण शेवटची मर्जी आपली नाही, हे मान्य करणारा. आपल्या बोलण्यात मात्र तो पुष्कळदा 'उद्या'चा समानार्थी शब्द होऊन बसला आहे.

म्हणून आम्हांला येथे एक प्रश्न मांडावासा वाटतो. इच्छा आधी आणि कृती नंतर, हा क्रम खरोखर असाच आहे का? आणि तो तसा नसेल, तर ज्याला 'आवड नाही' असा शिक्का मारून आपण मोकळे होतो त्याच्याविषयीची आपली जबाबदारी काय?

सुरुवातीलाच दोन गोष्टी वेगळ्या करू. एखाद्याला एखादी गोष्ट नकोच असते. त्याच्याशी आपले भांडण नाही. ज्याला क्रिकेटपटू व्हायचेच नाही त्याने पहाटे मैदानावर जाण्याचे कारण नाही. दुसऱ्याला ती हवी असते, तिचे मोल कळत असते, ती न केल्याची बोचही असते, आणि तरी ती होत नाही. आपला विषय हा दुसरा माणूस आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात एक अख्खे प्रकरण, म्हणजे सातवे पुस्तक, बऱ्याच अंशी याच कोड्याला दिले आहे. चांगले काय ते कळत असूनही माणूस ते का करत नाही? कळणे आणि वळणे यांच्यामध्ये कसली दरी आहे?

या दरीच्या काठावर उभ्या असलेल्या एका शिक्षकाची गोष्ट आपल्या परंपरेत आहे. इमाम अबू हामिद गझाली हे १०९१ साली बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक झाले. त्या काळातले ते बहुधा सर्वांत मानाचे अध्यापकपद. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. पण आपण शिकवतो ते खुदासाठी की नावासाठी, हा प्रश्न त्यांना कुरतडू लागला. १०९५ साली जवळजवळ सहा महिने ते या द्विधेत अडकले होते. आपल्या आत्मवृत्तात ते सांगतात त्याचा आशय असा, की एक पाय पुढे टाकावा आणि दुसरा मागे घ्यावा, अशी त्यांची अवस्था झाली होती. सकाळी निघण्याचा निश्चय होई, संध्याकाळी तो विरून जाई. शेवटी वर्गात तोंडातून शब्द फुटेना, अन्न घशाखाली उतरेना, हकिमांनी हात टेकले. एवढा विद्वान, नफ्सच्या साऱ्या खोड्या जाणणारा माणूस. त्यालाही केवळ जाणण्याने पाऊल उचलता आले नाही. ज्ञानाची कमतरता हे कारण असते, तर गझालींइतके मोकळे दुसरे कोण असते?

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी बगदाद सोडले. मुलाबाळांना पुरेल एवढे ठेवून बाकीचे वाटून टाकले. पुढे साधारण दहा-अकरा वर्षे ते मानाच्या पदापासून दूर राहिले. 'इह्या उलूमुद्दीन' हा त्यांचा महाग्रंथ या काळातला मानला जातो. त्याचे चार भाग आहेत, प्रत्येक भागात दहा, अशी एकूण चाळीस पुस्तके. त्यातले एक पुस्तक नफ्सला वळण लावण्याविषयी आहे. तेथे त्यांनी जे उदाहरण दिले आहे ते प्रत्येक शिक्षकाने फळ्याशेजारी लिहून ठेवावे असे आहे. ज्याला सुलेखनकार व्हायचे आहे त्याने काय करावे? कुशल कातिब हाताने जे करतो ते आपल्या हाताने करत राहावे. सुरुवातीला ते ओढूनताणून केलेले असते, नक्कल असते. पण करत राहिल्याने ते हळूहळू अंगी मुरते आणि मग जे आधी मारून मुटकून होत होते ते स्वभावातून होऊ लागते. औदार्याचेही तसेच. उदार मनाची वाट पाहत बसू नये. उदार माणूस जे देतो ते द्यावे. देता देता मन उदार होते. ॲरिस्टॉटलनेही दीड हजार वर्षे आधी जवळजवळ हेच म्हटले होते, की न्यायाची कामे करता करता माणूस न्यायी होतो.

म्हणजे क्रम उलटा आहे. निदान उलटाही असू शकतो. अंतःकरणातून हाताकडे जशी वाट जाते, तशी हाताकडून अंतःकरणाकडेही येते. नीयत अर्थातच आधी हवी; पण नीयत आणि जोश या दोन वेगळ्या चिजा आहेत. नीयत म्हणजे दिशा ठरवणे, ते शांतपणे एका क्षणात करता येते. जोश हा हवामानासारखा आहे, येतो आणि जातो. आपण घोटाळा करतो तो हा, की जोश आला नाही म्हणजे नीयतच नाही असे समजतो.

आता सुलेखनाचेच उदाहरण थोडे पुढे नेऊ. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुकला याने अरबी अक्षरांना माप दिले. ते माप कसले? कलमाची तिरपी कापलेली निब कागदावर टेकवली की जो चौकोनी नुक्ता उमटतो, त्याचे. अलिफ इतक्या नुक्त्यांचा उंच, बे इतक्या नुक्त्यांचा लांब. मशिदींच्या कमानींवरचे जे लेखन पाहून आपण थक्क होतो त्याचे सारे गणित एका ठिपक्यावर उभे आहे. खत शिकणाऱ्याला उस्ताद पहिल्या दिवशी आयत लिहायला देत नाहीत. आधी सुटी अक्षरे, मग जोडाक्षरे, मग शब्द. त्यातही एकच अक्षर अनेक दिवस. कोणी म्हणेल, यात कंटाळा नाही का? आहे. पण तेथे कंटाळ्यालाही एक आकार आहे. कालचा अलिफ आणि आजचा अलिफ शेजारी ठेवून पाहता येतात.

हिफ्जच्या वर्गात हीच रीत दिसते. तीस पारे पाठ करायचे, हे ध्येय आठ-दहा वर्षांच्या मुलापुढे सह्याद्रीसारखे उभे करता येईल. तसे कोणी करत नाही. रोज थोडा नवा सबक, त्याच्या जोडीला अलीकडच्या दिवसांचा सबकी आणि जुन्यातला ठरलेला हिस्सा म्हणजे मंझिल. जुने कच्चे असेल तर नवे मिळत नाही. अशा रीतीने मूल काही वर्षांत हाफिज होते. यात आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट लहान पावलाच्या उपदेशात सहसा सांगितली जात नाही. तेथे रोज ऐकणारा कोणी तरी असतो. मूल डोलत डोलत म्हणते आणि उस्ताद डोळे मिटून ऐकतात. चूक झाली की बोट उचलतात. पाऊल लहान असले तरी ते कोणाच्या तरी कानावर पडलेले असते. एकट्याने टाकलेले लहान पाऊल बहुधा यासाठीच विरून जाते, की त्याची कोठेच नोंद होत नाही.

अल्प असले तरी सातत्याने केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय असते, या आशयाची हजरत आयेशा यांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपण ती इबादतीच्या संदर्भात ऐकतो. पण शिक्षक म्हणून वाचताना तिच्यातला माणसाविषयीचा खोल समज जाणवतो. माणसाला थकवा येतो हे तिने गृहीत धरले आहे.

बी.एड. केलेल्यांना आठवेल, की आपल्या अभ्यासक्रमात 'क्रमान्वित अध्ययन' नावाचा एक घटक होता. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली आपल्या एका गाजलेल्या लेखात त्याची भूमिका मांडली. आशयाचे लहान लहान तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर विद्यार्थ्याला स्वतः उत्तर देऊ द्या, उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळू द्या आणि प्रत्येकाला त्याच्या गतीने जाऊ द्या. परीक्षेसाठी आपण ही तत्त्वे पाठ केली आणि पेपर दिल्यावर विसरलो. परंतु तिच्यातले मर्म खरे आहे. लहान तुकड्यामुळे चुकण्याची शक्यता घटते, चुकण्याची शक्यता घटली की भीती घटते. पुष्कळदा ज्याला आपण आळस म्हणतो ती भीतीच असते. जे मूल वही उघडत नाही ते वहीला कंटाळलेले नसते, वहीत जे दिसेल त्याला घाबरलेले असते.

स्किनरच्या या पद्धतीला पुढे एक आक्षेपही घेतला गेला, तोही सांगायला हवा. तुकडे फारच लहान झाले तर हुशार मूल कंटाळते आणि सगळ्यांनाच आपण कशाकडे चाललो आहोत ते दिसेनासे होते. म्हणून पाऊल लहान असावे, पण त्याला अर्थ असावा. पायरीवरून जिना दिसला पाहिजे.

आमच्या शाळेत मुलाला सोडायला येणाऱ्या एका आईची हकिकत येथे सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात त्यांचे माहेर. गावची उर्दू शाळा सातवीपर्यंत. २००३च्या सुमारास त्या सातवी झाल्या आणि पुढची शाळा दूर, एसटीची वेळ जुळत नाही, म्हणून शिक्षण थांबले. नंतर लग्न, दोन मुले, नवरा आखातात. पालकसभेत कोणी सही मागितली की त्या उर्दूत सही करीत आणि मराठी अर्ज दुसऱ्याकडून भरून घेत. "दहावी करायची होती, पण आता काय मन होणार सर," असे एकदा म्हणाल्या. त्यांना शाळेतल्या बाजींनी दहावीबद्दल एक शब्दही सांगितला नाही. एवढेच सुचवले, की मुलाचे मराठीचे पुस्तक रोज एक पान मोठ्याने वाचा, भांडी आटोपल्यावर. आणि सकाळी गेटवर आम्हांला एक ओळ म्हणून दाखवा. एक ओळ. त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवली.

दोन-तीन महिन्यांत मुलाचे पुस्तक संपले. मग त्यांनी स्वतःच पुढच्या इयत्तेचे मागितले. मग रेशन दुकानावरचा फलक, एसटीच्या पाट्या, बँकेची स्लिप. वर्ष उलटल्यावर त्यांनीच विचारले, "बाजी, तो सतरा नंबरचा फॉर्म काय असतो?" राज्य मंडळाच्या परीक्षेला बाहेरून बसणाऱ्यांना जो अर्ज भरावा लागतो तो हा. पहिल्या खेपेस गणित राहिले. पुरवणी परीक्षेत तेही सुटले. निकालाच्या दिवशी त्या पेढे घेऊन आल्या, पण आम्हांला जास्त मोलाचे वाटले ते त्याआधीचे एक दृश्य. शाळेच्या खिडकीशी दुसऱ्या एका बाईचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्या भरून देत होत्या आणि तिला सांगत होत्या, "चाची, सही तेवढी तुम्ही करा, हळूहळू करा, घाई नाही."

या हकिकतीत हौसला कोठे होता? पहिल्या दिवशी तर नव्हताच. तो चाळिसाव्या की पन्नासाव्या पानावर कोठे तरी आला असावा. आणि आल्यावर त्याने जणू आपण पहिल्यापासून येथेच होतो असे दाखवले. आज त्यांना कोणी विचारले तर त्या सांगतील, "मला लहानपणापासून जिद्द होती." आपल्या यशाच्या कहाण्या अशा उलट्या बाजूने लिहिल्या जातात. ऐकणाऱ्याला वाटते, जिद्द आधी होती. आपल्यात ती नाही. म्हणजे आपले काही होणार नाही.

चिपळूणकरांना हे वेगळ्या रीतीने ठाऊक आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि ओसरल्यावर घराघरांत, दुकानादुकानांत गाळ उरला. त्या दिवशी कोणाच्या अंगात उमेद होती? माणसे नुसती बसून होती. मग कोणी तरी फावडे उचलले आणि आधी उंबऱ्याजवळचा गाळ ओढला, कारण दार उघडल्याशिवाय काहीच करता येत नव्हते. एक घमेले भरले, बाहेर टाकले. बाहेरगावाहून अनोळखी हात मदतीला आले. 'दुकान पुन्हा कधी उभे राहील' या प्रश्नाला त्या सकाळी उत्तरच नव्हते. 'हा कोपरा दुपारपर्यंत होईल का' याला होते. ज्या प्रश्नाला उत्तर आहे तो आधी सोडवावा, हे शहाणपण संकटात आपोआप सुचते. शांततेच्या दिवसांत मात्र आपण उत्तर नसलेला प्रश्न समोर ठेवून बसतो.

मग पाऊल केवढे असावे? आमच्या अनुभवाला काही गोष्टी आल्या आहेत. इतके लहान असावे, की ते न करण्याला सबब सांगताना आपलेच आपल्याला हसू यावे. दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या कामाला ते बांधलेले असावे : फज्रनंतर, भांडी आटोपल्यावर, एसटीची वाट पाहताना. 'वेळ मिळेल तेव्हा' हा मुहूर्त कधी येत नाही. ते मोजता यावे आणि कोणी तरी ऐकणारा असावा. आणखी एक, आपण शून्यावर नाही हे माणसाला दिसू द्यावे. २००६ साली जोसेफ न्यून्स आणि झेविअर ड्रेझ या अभ्यासकांनी अमेरिकेतला एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. मोटार धुण्याच्या केंद्रावर तीनशे गिऱ्हाइकांना कार्डे वाटली. निम्म्या कार्डांवर आठ शिक्क्यांची जागा होती. उरलेल्यांवर दहाची, पण त्यांपैकी दोन शिक्के आधीच मारून दिलेले. म्हणजे दोघांनाही आठच वेळा गाडी धुवायची होती. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केले, दुसऱ्यातल्या ३४ टक्क्यांनी. आपली थोडी वाट चालून झाली आहे, एवढ्या जाणिवेने इतका फरक पडला. शिक्षकाला यातून शिकण्यासारखे आहे. नापासाच्या गुणपत्रिकेवर आपण लाल शाईने राहिलेले विषय दाखवतो. सुटलेले विषयही त्याच कागदावर असतात, त्यांच्याकडे बोट कोण दाखवणार?

आता या विचाराच्या दुबळ्या बाजूही तपासू, नाहीतर आमचे म्हणणे त्या गुणगौरव समारंभातल्या भाषणासारखेच होईल.

पहिली बाजू फसवणुकीची. नवी वही आणणे, वेळापत्रक रंगवणे, पुस्तकाला कव्हर घालणे, ही पावले दिसतात, पण तेवढ्यावर थांबली तर ती जागच्या जागी पाय हलवणे असते. खरे पाऊल कोणते? ज्यानंतर वाट थोडी तरी कमी उरते ते.

दुसरी बाजू दिशेची. गझालींनीच तौबाविषयीच्या पुस्तकात दगडावर पडणाऱ्या थेंबांचे उदाहरण दिले आहे. थेंब थेंब पडत राहिला तर दगडाला खळगा पडतो, तेवढेच पाणी एकदम ओतले तर काही होत नाही. आपल्याला वाटेल, हे चिकाटीचे कौतुक आहे. ते तेवढेच नाही. त्यांनी ते दिले आहे लहान गुनाहांविषयी, जे सतत केल्याने मोठे होतात. थेंबाला चांगलेवाईट कळत नाही. रोजची एक छोटी लबाडी, रोजचा थोडा द्वेष, मोबाइलवर रोज पुढे ढकललेली एक खोटी बातमी, यांचाही खळगा पडतो. म्हणून लहान पावलांची पद्धत ही नीती नव्हे, ते साधन आहे. कोठे जायचे याचा विचार त्याआधी करावाच लागतो. शिवाय काही निर्णयांचे तुकडे करताच येत नाहीत. हराम कमाई रोज थोडी थोडी सोडण्याला अर्थ नसतो. गझालींनी बगदाद हप्त्याहप्त्याने सोडले नाही. पण सोडल्यानंतरची दहा-अकरा वर्षे त्यांना दिवसादिवसानेच जगावी लागली, आणि ११०६ साली निशापूरला ते पुन्हा शिकवायला बसले तेव्हा तो बदल एका रात्रीचा नव्हता.

तिसरी बाजू आजाराची. काही माणसांचे मन महिनोन्महिने कशातच लागत नाही, झोप उडते, भूक जाते, जगणे नकोसे वाटते. याला आळस किंवा कमकुवत ईमान म्हणणे हा अन्याय आहे. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. गंमत अशी, की त्या उपचारांतही लहान पावलांना जागा आहे. मन बरे झाल्यावर कामाला लागू असे न म्हणता ठरलेली छोटी कामे आधी करावीत, मन मागून येते, या पद्धतीवर १९७०च्या दशकापासून पीटर लेविन्सन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी काम केले. १९९६ साली नील जेकबसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नैराश्याच्या रुग्णांना केवळ या भागाचाही पूर्ण उपचाराइतकाच लाभ झाल्याचे दिसले. पण हे जाणकाराच्या सोबतीने करायचे आहे. अशा वेळी पहिले पाऊल म्हणजे डॉक्टरकडे जाणे, किंवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवणे.

चौथी बाजू आम्हांला सर्वांत अवघड वाटते. माणसाने पाऊल उचलले आणि पुढची पायरीच नसली तर? वर सांगितलेल्या त्या आईची सातवीनंतरची पायरी कोणी काढून घेतली होती? तिच्यात जिद्द कमी होती म्हणून तिची शाळा सुटली नाही. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालात नोंदले आहे, की देशात सतरा वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांत मॅट्रिक झालेले २६ टक्के होते, मुसलमानांत १७ टक्के. हा फरक इच्छेचा असे म्हणणे फार सोयीचे आहे. सरकारला सोयीचे आहे आणि आपल्या समाजधुरीणांनाही. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. आठवीपर्यंतचे शिक्षण त्याने हक्काचे केले. परंतु कायद्यातली पायरी गावातल्या वर्गखोलीत उतरायला शिक्षक लागतो, खोली लागते, एसटी लागते. मुलीला 'एक एक पाऊल टाक' असे सांगणाऱ्याने, तिचे पाऊल जेथे पडणार आहे तेथे जमीन आहे की नाही हे पाहिलेच पाहिजे. नाहीतर तो उपदेश तिच्यावरच आरोप होऊन उलटतो.

येथे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर आम्हांला थोडे दिसते. जोश ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे असे मानले, तर ज्याच्यात तो नाही त्याला आपण काहीच देणे लागत नाही. 'आवडच नाही' म्हटले की संपले. पण जोश पावलांमधून येत असेल, आणि पावलांना पायरी व ऐकणारा कान लागत असेल, तर त्या मुलाची नाउमेदी ही थोडी आपलीही ठरते. पालक, शिक्षक, मोहल्ल्यातले चार जाणते लोक, मशिदीचे जमातवाले, ग्रामपंचायत, सरकार. यांपैकी प्रत्येकाच्या हातात पुढच्या पायरीचा एखादा दगड आहे. मोठा समारंभ नको. वस्तीतल्या एखाद्या खोलीत मगरिबनंतर तासभर दिवा लावून बसणारा एक माणूस पुरतो, जो मुलांना रोज विचारील, "काल कुठपर्यंत आलो होतो आपण?"

माणसाचा न्याय करतानाही ही दृष्टी उपयोगी पडावी. आपण माणसे त्यांच्या पल्ल्यावरून मोजतो, कोण कोठवर पोहोचला ते पाहून. कोण कोठून निघाला आणि आज त्याने काय केले, हे विचारायला सवड नसते. ज्याने महिनाभरानंतर आज एक ओळ वाचली, त्याचा आजचा हिशेब रोज दहा पाने वाचणाऱ्यापेक्षा भारी असू शकतो. ते कोणाला दिसत नाही. निदान शिक्षकाला दिसावे.

तर वाचकहो, हा लेख वाचून कोणाच्या अंगात जोश संचारावा अशी आमची अपेक्षा नाही. तो संध्याकाळपर्यंत उतरेल. अंक मिटण्याआधी एवढेच करावे. जे काम कित्येक दिवस 'इन्शाअल्ला'च्या खात्यावर पडून आहे त्याचा सर्वांत लहान तुकडा कोणता, ते मनात ठरवावे, आणि तो कोणाला ऐकवणार त्या माणसाचे नाव ठरवावे. दुसऱ्या कोणाचे असे काम अडले असेल तर त्याला उपदेश न करता विचारावे, की उद्या सकाळी मला काय दाखवशील? आणि सकाळी आठवणीने थांबावे. तो येईलच असे नाही. पण तो आला आणि ऐकायला कोणी नव्हते, असे मात्र होऊ नये.